‘विजय’ही मेला, पण कशाने? जत तालुक्यातल्या दोन एकर हरभऱ्याचे प्रकरण

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, विजापूरच्या हद्दीकडे, जानेवारी सरता सरता हरभऱ्याच्या रानात पिवळे पट्टे दिसू लागतात आणि पारावर बोलणे सुरू होते, “औंदा इजय बी मरायलंय.” ‘विजय’ हा हरभऱ्याचा वाण मर रोगाला, म्हणजे उभे रोप वाळवणाऱ्या बुरशीच्या रोगाला, प्रतिकारक म्हणून घेतलेला. तोच मेला, म्हणजे बियाणे खोटे किंवा प्रतिकार संपला, असा निष्कर्ष लगेच निघतो. पुढच्या वर्षी पुन्हा घरचेच बी पेरले जाते. या निष्कर्षात चूक कुठे होते, ते पाहण्यासाठी एक प्रकरण मुळापासून तपासू. जत भागात वारंवार दिसणारी स्थिती इथे एका रानावर मांडली आहे आणि मोजणीचे आकडे हिशोब कसा करायचा ते कळावे म्हणून घेतले आहेत.

रान आणि हंगाम

दोन एकर मध्यम काळे रान, मधोमध बांध. पूर्वेच्या कडेला जमीन उथळ होत मुरूम वर येतो, तर पश्चिमेचा एक कोपरा सखल आहे. खरिपात बाजरी किंवा उडीद आणि रब्बीत सलग तीन वर्षे हरभरा. बांधाच्या पश्चिमेला अण्णिगेरी आहे. कर्नाटकात १९७८ साली आलेला हा वाण सीमाभागात लोकांच्या हातात बसलेला आहे. दाणा चांगला, डाळ चांगली, पण मर रोगाला तो बळी पडतो. बियाणे तीन वर्षे घरचेच, त्याच रानातले. पूर्वेला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा विजय, त्याचे प्रमाणित बियाणे. ऑक्टोबरअखेरच्या पावसाने वाफसा लांबला आणि पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली, दोन ओळींत ३० आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवून. तिसाव्या दिवशी एक पाणी दिले. नंतर विहीर उतरली आणि दुसरे पाणी झालेच नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावरच सगळे फिरते.

चोविसाव्या दिवशी अण्णिगेरीच्या सखल कोपऱ्यात रोपे माना टाकू लागली. पाने पिवळी न पडता फिकट हिरवी होऊन लोंबली आणि दोन-तीन दिवसांत रोप जमिनीवर आडवे झाले. डाग गोलसर होते आणि ओळीच्या दिशेने, म्हणजे कुळव जातो त्या दिशेने, लांबलेले होते. विजयमध्ये तेव्हा एखाददुसरेच रोप गेले होते. फुलोऱ्यापर्यंत चित्र तसेच राहिले. मग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, घाटे भरताना, विजयच्या पूर्वेकडचा पट्टा आठवड्याभरात गवतासारखा वाळला.

मोजणी

नजरेचा अंदाज इथे फार फसवतो, कारण मेलेली रोपे वाळून दिसेनाशी होतात आणि शेजारची झाडे पसरून जागा झाकतात. म्हणून पहिल्या पंधरवड्यातच प्रत्येक एकरात पाच ठिकाणी खुंट्या ठोकून १० मीटर लांबीची एकेक ओळ पक्की करावी. १० सेंटिमीटर अंतराने एका ओळीत शंभराच्या आसपास रोपे येतात, पाच ओळींत ५००. नंतरची प्रत्येक मोजणी याच ओळींत आणि सुरुवातीच्या रोपसंख्येवर करायची. चार ओळी रानात पसरून घ्याव्यात, एक मुद्दाम संशयित जागेत.

तिसाव्या दिवशी अण्णिगेरीत ५०० पैकी ७१ रोपे गेलेली, म्हणजे १४ टक्के. विजयमध्ये ९. साठाव्या दिवशी अण्णिगेरीत एकूण १६८, म्हणजे एक तृतीयांश, विजयमध्ये २६. पंच्याऐंशीव्या दिवशी मात्र विजयचा आकडा एकदम ८८ वर गेला, साडेसतरा टक्क्यांच्या वर. मर रोगाच्या चाचणीत १० टक्क्यांच्या आत मर असलेल्या वाणाला प्रतिकारक म्हणतात. त्या मोजमापाने विजय नापास ठरतो. पारावरचे बोलणे खरे वाटायला लागते ते इथे.

पण हा आकडा ‘मेलेल्या झाडांचा’ आहे, ‘मर रोगाने मेलेल्या झाडांचा’ नाही.

मूळ चिरून पाहिले तर

तपासणीसाठी पूर्ण वाळलेले झाड घेऊ नये. मेलेल्या मुळावर चार परक्या बुरशा येऊन बसतात आणि दिशाभूल करतात. नुकतेच माना टाकू लागलेले झाड निवडावे. हाताने उपटले तर मूळ तुटते आणि पुरावा जमिनीतच राहतो, म्हणून खुरप्याने बाजूची माती सैल करून सोटमूळ १५ सेंटिमीटरपर्यंत अखंड काढावे. धुवावे, उपमुळे आणि गाठी आहेत का ते पाहावे, मग ब्लेडने खोडाच्या बुडापासून खाली उभे चिरावे.

अण्णिगेरीच्या मुळांनी शंका ठेवली नाही. बाहेरून मूळ पांढरे, धडधाकट, उपमुळे शाबूत. आत मात्र मधोमध तपकिरी-काळी रेघ, बुडापासून वर खोडापर्यंत गेलेली. फ्युजेरियम या बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाची ही खरी खूण.

विजयच्या पूर्व पट्ट्यातली २० झाडे काढली, तेव्हा पहिल्यालाच वेगळा अनुभव आला. खुरपे लावूनही सोटमूळ काडीसारखे मोडले. उपमुळे जवळपास नाहीशी, साल सुटलेली, मूळ काळे आणि ठिसूळ. पाने लोंबलेली नव्हती. ती गवती पिवळी होऊन ताठ उभ्या झाडावरच वाळली होती. ही कोरडी मूळकुज, रायझोक्टोनिया बटाटीकोला या बुरशीची. तापमान ३० अंशांच्या वर जाते, जमीन सुकते आणि झाडावर घाट्यांचा भार असतो, तेव्हा ती उसळते. वीसपैकी १७ झाडांत हीच निघाली, एकात वाळवी, आणि फक्त दोघांत मधली काळी रेघ.

साठाव्या दिवसानंतर विजयमध्ये नवीन मेलेली झाडे ६२. वीसात दोन हे प्रमाण धरले तर त्यांतली सहा-एक फ्युजेरियमची. आधीची सगळी २६ त्यात मिळवली तरी एकूण ३२, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आत. विजयने आपले काम केले होते. त्याला मारले ते दुसऱ्याच बुरशीने, आणि तिला वाट करून दिली चुकलेल्या पाण्याने.

आणखी दोन दुखणी मर म्हणून खपतात. पहिल्या सहा आठवड्यांत, ओल्या रानात, बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे दिसले तर ती बूडकुज, स्क्लेरोशियमची. धसकटे आणि पाला न कुजता जमिनीत राहिला असेल तिथे ती हटकून येते. रोप जमिनीलगत कुरतडून पडलेले असेल तर माती उकरावी, कुरतडणारी अळी तिथेच गुंडाळी करून बसलेली असते.

खात्री पटत नसेल तर चिरलेले तुकडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत दोन-तीन दिवस ठेवावेत. पांढरा-गुलाबीसर कापूस उगवला तर कल फ्युजेरियमकडे, कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसले तर कोरड्या मूळकुजीकडे. हा घरगुती अंदाज झाला. पक्के निदान हवे असेल तर मुळासकट पाच-सहा झाडे कागदी पिशवीतून कृषी विज्ञान केंद्रात न्यावीत. बंद प्लॅस्टिकमध्ये ती वाटेतच सडतात.

प्रतिकार म्हणजे मुळात काय घडते

हरभऱ्याच्या मर रोगाचा फ्युजेरियम पीक नसतानाही जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात जमिनीत सहा वर्षांहून अधिक टिकतो. हरभऱ्याचे मूळ जवळून गेले की त्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे हे बीजाणू उगवतात. मुळाच्या कोवळ्या टोकातून किंवा उपमूळ फुटताना पडलेल्या फटीतून तंतू आत शिरतो, सालीच्या पेशींमधून वाट काढतो आणि जलवाहिनी गाठतो. तिथे तो बारीक बीजाणू सोडतो. झाड वर ओढत असलेल्या पाण्याबरोबर ते चढतात, वाहिनीच्या आडव्या जाळीपाशी अडकतात, उगवतात, जाळी भेदून पलीकडे पुन्हा बीजाणू सोडतात. झाडाचाच पाण्याचा उपसा बुरशीला शेंड्यापर्यंत नेतो.

झाड गप्प बसत नाही. सालीतल्या पेशी आपल्या भिंतींवर कॅलोज आणि लिग्निनचे थर चढवतात. हरभऱ्याच्या पेशी मेडिकार्पिन आणि मॅकियाइन नावाची बुरशीविरोधी द्रव्ये तयार करतात. जलवाहिनीला खेटून असलेल्या पेशी गोंदासारख्या द्रव्याचे बूच मारून ती वाहिनी बंद करून टाकतात. बुरशीसकट ती वाहिनी झाड सोडून देते आणि शेजारच्या वाहिन्यांतून पाणी चालू ठेवते.

चमत्कारिक वाटेल, पण हेच बूच बळी पडणाऱ्या वाणातही तयार होते. फरक वेळेचा आहे. प्रतिकारक झाड मुळाच्या खालच्या टोकाला, बुरशी दोन-चार वाहिन्यांत असतानाच, दार लावते. बळी पडणारे झाड बुरशी खोडात पसरल्यावर लावते, तेव्हा जवळपास सगळ्या वाहिन्या एकदम बंद कराव्या लागतात आणि ते स्वतःच्या उपायाने तहानेने मरते. चिरलेल्या मुळातली काळी रेघ म्हणजे उशिरा झालेली ही लढाई. यातून आणखी एक गोष्ट निघते. प्रतिकारक वाणाच्या मुळातही बुरशी शिरलेली असतेच, फक्त तिला वर चढता येत नाही.

झाड वेळेवर जागे होते ते ओळख पटल्यामुळे. हे टोमॅटोत सर्वांत स्पष्ट समजले आहे. टोमॅटोचा फ्युजेरियम जलवाहिनीत काही छोटी प्रथिने सोडतो. ‘आय-२’ जनुक असलेले झाड त्यांतले एक प्रथिन ओळखते आणि बचाव सुरू करते. बुरशीने त्या प्रथिनात किंचित बदल केला की ओळख चुकते आणि प्रतिकारक वाण पुन्हा बळी पडू लागतो. अशा बदललेल्या बुरशीला नवी रेस म्हणतात. हरभऱ्यावरच्या फ्युजेरियमच्या जगात आठ रेस नोंदल्या आहेत, त्यांतल्या चार भारतात फार पूर्वीपासून माहीत आहेत. ‘मर रोगाला प्रतिकारक’ या शब्दांचा खरा अर्थ ‘अमुक रेसना प्रतिकारक’ एवढाच आहे. रायझोक्टोनियाशी त्याचा काही संबंध नाही. ती बुरशी जलवाहिनीची वाट धरत नाही, ती मुळाची साल कुजवत जाते, आणि तिच्याविरुद्ध पक्का प्रतिकार असलेला हरभरा अजून हाती आलेला नाही.

शेतकऱ्याला थेट उपयोगी पडणारी आनुवंशिकीतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पहिल्या रेसविरुद्धच्या प्रतिकारात तीन जनुके सापडली. त्यांतले कोणतेही एक असेल तर झाड मरतेच, फक्त उशिरा. कोणतीही दोन एकत्र आली तर झाड वाचते. म्हणजे उशिरा मरणारा वाण तिसाव्या दिवसाच्या मोजणीत प्रतिकारक दिसतो आणि फुलोऱ्यात उघडा पडतो. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेच्या जुन्या अभ्यासात लवकर मर लागलेल्या झाडांचे उत्पन्न ७७ ते ९४ टक्के बुडाले, उशिरा लागलेल्यांचे २४ ते ६५ टक्के. उशिरा मेलेल्या झाडाचे दाणे हलके, खरबरीत आणि मंद रंगाचे निघतात आणि त्यांच्या डोळ्यापाशी बुरशी दडून राहू शकते. पश्चिमेच्या एकरात तीन वर्षे हेच दाणे बियाणे म्हणून फिरत होते. जमीन आणि बी, दोन्ही वाटांनी रोग वाढवला गेला.

उभ्या पिकात काय केले, काय करायला नको होते

अण्णिगेरीच्या डागांवर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी झाली, म्हणजे ते पाण्यात मिसळून बुडाशी ओतले. त्याचा उपयोग झाला नाही आणि होणारही नव्हता. माना टाकलेल्या झाडाच्या वाहिन्या आधीच बंद झालेल्या असतात, औषध वर जायला वाटच उरलेली नसते. उलट आळवणीचे पाणी ओघळून डाग उताराकडे सरकला. त्यापेक्षा माना टाकलेली झाडे मुळासकट काढून रानाबाहेर जाळणे बरे. ती बांधावर किंवा उकिरड्यावर टाकली की शेणखताबरोबर परत येतात.

पूर्वेच्या पट्ट्यात डिसेंबरअखेर, फुलोऱ्यानंतर, एक हलके पाणी मिळाले असते तर मूळकुजीचा जोर बराच कमी झाला असता. हलके हा शब्द महत्त्वाचा. काळ्या रानात भरून पाणी दिले की हरभरा उभळतो, म्हणजे जास्त ओलीने जातो, आणि तेही मर म्हणूनच मोजले जाते. तुषार संच असेल तर या पट्ट्यापुरते दोन-अडीच तास पुरतात.

पुढच्या रब्बीची आखणी

पश्चिमेच्या एकरात किमान तीन रब्बी हरभरा नको. शाळू किंवा करडई घ्यावी. तीन वर्षांत बुरशी संपत नाही, सहा वर्षांचा हिशोब वर आलाच आहे, पण हरभऱ्याचे मूळ न मिळाल्याने तिची संख्या घटते आणि घटलेल्या संख्येपुढे प्रतिकारक वाणाचा बचाव वेळेत पुरा पडतो. मधल्या काळात तूर, मसूर, वाटाणा टाळावा. त्यांना ही बुरशी मारत नाही, पण त्यांच्या मुळांत ती लक्षणांशिवाय राहू शकते. कुळव आणि कुरी आधी पूर्वेच्या एकरात चालवावी, नंतर पश्चिमेच्या, आणि फाळाची माती तिथेच झटकावी. सखल कोपरा चार-पाच गुंठ्यांचाच आहे. एप्रिलमध्ये तो भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकने सहा आठवडे घट्ट झाकला तर वरच्या थरातली बुरशी बरीच मरते. सगळ्या रानावर हा खर्च परवडत नाही आणि कडा मातीने नीट दाबल्या नाहीत तर कोपऱ्यावरही वाया जातो.

पूर्वेला विजय किंवा दिग्विजय, बियाणे प्रमाणितच. विजयचे एकरी २६ ते २८ किलो, दिग्विजयचा दाणा टपोरा म्हणून ४० किलो लागते. अण्णिगेरीच हवा असेल तर त्याचाच सुधारलेला वाण, सुपर अण्णिगेरी-१, निघाला आहे. त्यात डब्ल्यूआर-३१५ या प्रतिकारक वाणातला मर रोगाचा प्रतिकार मार्करच्या, म्हणजे जनुक ओळखायच्या खुणेच्या, मदतीने आणला आहे. सीमाभागात बाजाराची मागणी सांभाळून रोग टाळण्याचा हा सरळ मार्ग वाटतो.

पेरणीपूर्वी पंधरा दिवस एक किलो ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशांना दाबणारी उपयोगी बुरशी, १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ढीग लावावा, वर ओले पोते टाकावे, मध्ये एकदा खालीवर करावे. हे खत एका एकराला शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी पसरावे. बीजप्रक्रियेत किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे ४० किलोला २०० ग्रॅम, आणि त्यानंतर दर १० किलो बियाण्याला रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५० ग्रॅम. चिकटण्यासाठी लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून गार करावा आणि बी ओलसर होईल एवढाच शिंपडावा. जास्त झाला तर हरभऱ्याची साल सुटते आणि कुरीत बी चेचते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकत्र चोळणे. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, कार्बेन्डाझिम तिलाही मारते. दोन्हींतले एकच निवडावे, रासायनिकच हवे असेल तर ट्रायकोडर्मा सोडावा. दुसरी चूक पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडलेला पुडा वापरणे. त्यात जिवंत काही उरलेले नसते.

प्रतिकारक वाणाचा एक फायदा बोलण्यात क्वचितच येतो. फ्युजेरियमला २५ ते २८ अंशांची जमीन मानवते, म्हणून बळी पडणारा वाण लवकर पेरला की मर जास्त लागते आणि लोक पेरणी पुढे ढकलतात. ढकललेली पेरणी घाटे भरताना उन्हात सापडते आणि कोरडी मूळकुज गाठते. प्रतिकारक वाण असेल तर ओल आहे तेव्हा, २० ऑक्टोबरच्या सुमाराला, पेरता येते आणि घाटे जानेवारीच्या थंडीत भरून निघतात. खताला एकरी ५० किलो डीएपी आणि २० किलो पोटॅश पेरतानाच. पाणी एकच असेल तर ते फुलोऱ्यासाठी राखून ठेवावे.

पूर्वेच्या एकरात, मुरमाड कडेपासून दूर, अण्णिगेरीच्या पाच मीटरच्या दोन साक्षी ओळी पेराव्यात, बीजप्रक्रिया न करता, पण बाहेरून आणलेल्या निरोगी बियाण्याच्या. संशोधन केंद्रांच्या रोगग्रस्त प्लॉटमध्ये हेच करतात. बळी पडणारी ओळ मेली नाही तर शेजारच्या वाणाची परीक्षाच झालेली नसते. साक्षी ओळी पंचवीस-तीस दिवसांत गेल्या आणि शेजारचा वाण उभा राहिला तर प्रतिकार टिकून आहे, आणि मेलेली साक्षी रोपे लगेच मुळासकट काढून जाळावीत. दोन्ही मरू लागले आणि दोन्हींच्या मुळांत काळी रेघ निघाली, तर त्या रानात बुरशीची वेगळी रेस आली असण्याची शक्यता धरून ताजी झाडे कागदी पिशवीत भरावीत, वाण, पेरणीची तारीख आणि रानाचा कोपरा वर लिहावा आणि त्याच दिवशी केंद्राकडे पोचवावीत.